‘ओरायन’ : शोधनिबंधाची रचना आणि पुराव्यांचा क्रम

शोधनिबंधाच्या रचनेविषयीची चर्चा बहुधा विभागणीपाशीच थांबते. प्रास्ताविक, उद्दिष्टे, पूर्वाभ्यास, विवेचन, निष्कर्ष असे कप्पे ठरतात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्याचे तार्किक बंधन मात्र दुर्लक्षित राहते. परिणामी निबंध सर्वांगपूर्ण दिसतो, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांचा ‘ओरायन’ (१८९३) हा इंग्रजी ग्रंथ या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगा आहे. कारण मुळात तो एक शोधनिबंधच होता.

गीतेच्या दहाव्या अध्यायात महिन्यांमध्ये मार्गशीर्षाला श्रेष्ठत्व दिले आहे. ते का, या शंकेतून या लेखनाचा उगम झाला. ‘वेदांचा काळ’ हा विषय आहे, ‘मार्गशीर्षच का?’ हा प्रश्न आहे. विषयाला विस्तार असतो, प्रश्नाला दिशा असते. निबंधाची रचना या दिशेतूनच निष्पन्न होते.

ग्रंथाची आठ प्रकरणे या दृष्टीने पाहावीत. पहिल्यात कालनिर्णयाच्या भाषिक व ज्योतिषविषयक पद्धतींची चिकित्सा येते. दुसऱ्यात यज्ञ आणि संवत्सर यांचा संबंध प्रस्थापित होतो, कारण वर्षारंभ निश्चित झाल्यावाचून पुढचे गणित उभेच राहत नाही. तिसऱ्यात कृत्तिकांचा, म्हणजे तुलनेने स्पष्ट उल्लेखांचा, पुरावा आहे. त्यानंतरच ‘आग्रहायणी’ या शब्दाची चिकित्सा, मृगशीर्षाच्या कथा, ग्रीक व पारशी परंपरांतील साम्ये आणि अखेरीस ऋभू व वृषाकपी येतात. निश्चिताकडून संभाव्याकडे जाणारा हा क्रम आहे. वसंतसंपात मृगनक्षत्री असण्याचा इ. स. पूर्व ४००० च्या सुमाराचा काळ हा निष्कर्ष या पायऱ्यांवर उभा आहे.

या रचनेत एक दुर्बलताही आहे. उत्तरार्धात कथासाम्य हेच पुराव्याची जागा घेऊ लागते. ज्या कथेचा अर्थ मृगनक्षत्राच्या आधारे लावला, तीच कथा मृगनक्षत्राची साक्ष म्हणून उभी राहते. मात्र ही दुर्बलता वाचकाला दिसते, ती पायऱ्या उघड्या असल्यामुळेच. १८९४ मध्ये ब्यूलर यांनी टिळकांच्या आणि स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला पोहोचलेल्या याकोबींच्या प्रतिपादनाची सहानुभूतीने दखल घेतली, तर व्हिटनी यांनी त्याच दोघांच्या पुराव्यांवर कठोर आक्षेप घेतले. पुढे हा कालनिर्णय विद्वानांत सर्वमान्य झाला नाही.

येथे एक प्रसंग लक्षात घ्यावयास हवा. लंडन येथे १८९२ साली भरलेल्या नवव्या प्राच्यविद्या परिषदेकडे हा निबंध पाठविण्यात आला होता. विस्तारामुळे परिषदेच्या वृत्तान्तात त्याचा केवळ सारांश येऊ शकला आणि संपूर्ण लेखन स्वतंत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध करावे लागले. सारांशात निष्कर्ष सामावतो. त्याच्यापर्यंत नेणारी वाट सामावत नाही. वाट नसलेला निष्कर्ष स्वीकारता येतो किंवा नाकारता येतो, तपासता मात्र येत नाही.

शोधनिबंधाच्या रचनेची खरी कसोटी हीच होय. निष्कर्ष कालांतराने बाद ठरणे हा संशोधनाचा पराभव नव्हे. तो नेमका कोणत्या पायरीवर बाद ठरला हे दाखविता न येणे, हा मात्र निश्चितच पराभव आहे.