भट्टीच्या बदल्यात भट्टी

मदत देऊन अण्वस्त्रे सोडवता येत नाहीत, याला पुरावा म्हणून वर्गात उत्तर कोरियाचे उदाहरण झटकन दिले जाते. आम्हाला ही घाई वाटते. १९९४ च्या जिनिव्हा करारानुसार योंगब्योनची ५ मेगावॅटची ग्रॅफाइट अणुभट्टी थांबली. बदल्यात दोन साध्या पाण्याच्या अणुभट्ट्या आणि दरवर्षी ५ लाख टन जड इंधन तेल मिळायचे होते. आठ वर्षे त्या भट्टीत नवे प्लुटोनियम तयार झाले नाही. हे थोडे नव्हे! दोष होता तो पाहणीत. भट्टीची उष्णता लपत नाही. युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रे मात्र साध्या इमारतीतही मावतात. कबूल केलेल्या भट्ट्याही पुऱ्या झाल्याच नाहीत. २००२ मध्ये तेल थांबले, २००६ मध्ये पहिली अणुचाचणी झाली. मग निर्बंध आले, वाढत गेले. तरी २०१७ पर्यंत आणखी पाच चाचण्या झाल्या.