मध्यरात्रीची मुले आणि आपली मुंबई

'मिडनाइट्स चिल्ड्रन' हे नाव घेतले की "फार अवघड बुवा!" हा शेरा हमखास ऐकू येतो. सलमान रश्दींच्या या कादंबरीला १९८१ साली बुकर पारितोषिक मिळाले. पुढे १९९३ आणि २००८ साली बुकर विजेत्यांमधली सर्वोत्तम म्हणूनही तिची निवड झाली. तरीही अनेक घरांत ती पन्नासाव्या पानावर खूण घालून कपाटात पडलेली असते. अल नहदातल्या आमच्या सात-आठ घरांच्या वाचनगटाने ती शेवटपर्यंत वाचली आणि वाद घातला तो जादूवर नव्हे, मुंबईवर!

जादूचे आपल्याला वावडे नाहीच. अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणल्या. त्या गोष्टींतला एक हजार एकचा आकडा रश्दींनीही उचलला आहे. १५ ऑगस्ट १९४७च्या पहिल्या तासात जन्मलेली १००१ मुले आणि बरोबर बाराच्या ठोक्याला जन्मलेला सलीम सिनाई. मोठेपणी लोणच्याच्या कारखान्यात बसून तो आपली कहाणी पद्माला सांगतो. तीस प्रकरणे म्हणजे तीस बरण्या! तो भरकटला की पद्मा त्याला दटावून मूळ गोष्टीवर आणते. पोथी आणि कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला ही बैठक ओळखीची वाटते.

वाद पेटला तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चापाशी. लहानगा सलीम सायकलवरून घरंगळत थेट मोर्चात शिरतो. मोर्चेकरी त्याची थट्टा करतात, तो गुजराती भाषेची टिंगल करणारे एक बडबडगीत म्हणतो. त्याचीच घोषणा होते, समोरून गुजराती मोर्चा येतो आणि दंगल होते. मुंबई राज्याची फाळणी आपल्यामुळे झाली, असे सलीम खुशाल सांगून टाकतो.

गटातल्या एका ताईंचे वडील तेव्हा इथे आलेले होते. त्यांचे लहानपण गिरणगावातले. ते शांतपणे म्हणाले, "१०६ माणसे गेली. ती काय बडबडगीतामुळे?" कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने उत्तर दिले, "आजोबा, सलीम थापाड्या आहे. त्याचे खरे मानायचेच नाही."

मला दोघांचेही पटते. सलीम विश्वासार्ह नाही याचा पुरावा कादंबरीतच आहे. गणपतीने वाल्मीकींच्या पायाशी बसून रामायण लिहून घेतले, असे तो म्हणतो. आपल्याकडची कोणतीही आजी म्हणेल, "अरे, ते व्यास आणि महाभारत!" गांधीजींच्या हत्येची तारीखही तो चुकवतो आणि वर तशी कबुली देतो. जगातली प्रत्येक घटना स्वतःभोवती फिरवणाऱ्या माणसाची ही थट्टा आहे.

पण ही थट्टा कळायला मूळ गोष्ट ठाऊक असावी लागते. गणपतीची गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असते. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला झालेला गोळीबार, १९५६ची संयुक्त महाराष्ट्र समिती, आचार्य अत्रे, एसेम, डांगे, अण्णा भाऊंची 'माझी मैना' हे त्यांना कोण सांगणार? इथली शाळा सांगणार नाही. मग बडबडगीत हाच इतिहास होऊन बसतो.

कादंबरीतले खरे उणे मला इथेच दिसते. कोळी आणि मुंबादेवी यांचा उल्लेख रश्दी प्रेमाने करतात. पण पुढच्या मुंबईत मराठी माणूस येतो तो बहुधा गर्दी म्हणून. मराठी आडनावाचे ठळक पात्र म्हणजे डॉ. नारळीकर, आणि त्यांचाही बळी भाषिक मोर्चातले लोकच घेतात! टेकडीवरच्या बंगल्यातून मोर्चा दिसतो, मोर्चातल्या माणसाचे घर दिसत नाही. सलीम सांगतो त्यात अतिशयोक्ती असणारच. पण त्याला जे दिसतच नाही, त्याची भरपाई अतिशयोक्तीने होत नाही.

म्हणून कादंबरी वाचू नये का? अवश्य वाचावी. भाषेची अशी मस्ती आणि देशाच्या जन्माची एवढी मोठी गोष्ट क्वचितच एकत्र मिळते. फक्त मुलांच्या हाती देताना सोबत आपली बाजूही सांगावी. आजी-आजोबा इथे आले असतील तर उत्तमच! सलीमने एक बरणी रिकामी ठेवली आहे. तिच्यात घालण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ आहे.