सेंट कॅथरिनचे हौतात्म्य

ख्रिस्ती धार्मिक कलेतील एक प्रमुख विषय. ॲलेक्झांड्रियाची संत कॅथरिन हिचा छळ व शिरच्छेद हे त्याचे कथासूत्र होय. यूरोपीय प्रबोधनकाळात अनेक नामवंत चित्रकारांनी तो हाताळला. भारतात त्याचे एक भव्य उदाहरण जुन्या गोव्यातील से कॅथीड्रलच्या मुख्य वेदीवर पाहावयास मिळते.

परंपरेनुसार कॅथरिन चौथ्या शतकाच्या आरंभी होऊन गेली. ती राजकुलातील विदुषी होती. रोमन सम्राटाने ख्रिस्ती लोकांवर देवपूजेची सक्ती केली, तेव्हा तिने त्याला भर दरबारात विरोध केला. तिचा पाडाव करण्यासाठी बोलाविलेले पन्नास तत्त्वज्ञ वादात हरले व त्यांनी तिचाच धर्म स्वीकारला. तिला खिळ्यांच्या चाकांवर मारण्याचे ठरले. परंतु ती चाके दैवी कोपाने मोडून पडली आणि अखेर तिचा शिरच्छेद करण्यात आला. देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेला, असे मानतात. तेराव्या शतकात याकोबुस दे व्होराजिने याने संकलित केलेल्या संतचरित्रांमुळे ही कथा यूरोपभर पसरली. तिला ऐतिहासिक आधार तुटपुंजा असल्याने रोमन चर्चच्या सर्वसाधारण पंचांगातून तिचा सण १९६९ मध्ये वगळण्यात आला. २००२ मध्ये तो ऐच्छिक स्मरणदिन म्हणून पुन्हा समाविष्ट झाला.

या कथेत चित्रकारापुढे दोन क्षण उभे राहतात : चाके मोडण्याचा व तलवार उगारण्याचा. पहिला कोलाहलाचा, दुसरा निश्चलतेचा. मासोलीनोने रोमच्या सान क्लेमेंते चर्चमधील भित्तिचित्रांत (सु. १४२८–३१) वाद, चाके आणि शिरच्छेद हे प्रसंग क्रमाने रंगविले. यथादर्शनाच्या नव्या जाणिवेमुळे त्यांना सुसंगत वास्तुअवकाश लाभला आहे. पण हिंसेची धग त्यांत फारशी जाणवत नाही. जर्मन चित्रकार लूकास क्रानाक याच्या त्रिपटाच्या मधल्या फलकात (१५०६, ड्रेझ्डेन) हे दोन्ही क्षण एकत्र आले आहेत. आकाशातून आग कोसळत आहे, माणसे व घोडे एकमेकांवर आदळत आहेत आणि या गोंधळात उंची वस्त्रे ल्यालेली कॅथरिन शांतपणे गुडघे टेकून बसली आहे. तिच्या पाठीशी वधक तलवार उपसत आहे. संताची शांती सांगण्यासाठी भोवतालचा कल्लोळ वापरण्याची ही युक्ती प्रभावी ठरली आहे.

रॅफेएलने (सु. १५०७, नॅशनल गॅलरी, लंडन) प्रसंगच वगळला. त्याची कॅथरिन चाकावर रेलून ऊर्ध्वदृष्टीने पाहत आहे. चाकावरील तीक्ष्ण खिळ्यांच्या जागी गोलसर गुंड्या आहेत. यातनेचे साधन केवळ ओळखचिन्ह बनले आहे. देहाच्या सुडौल वळणातून भक्तीची उत्कटता व्यक्त करण्यात या चित्राचे यश आहे. मात्र या सौंदर्यापायी हौतात्म्याची किंमत नजरेआड होते, हा त्याचा उणेपणाही आहे.

गोव्यात या विषयाला निराळाच अर्थ प्राप्त झाला. अफांसो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकले. तो सेंट कॅथरिनचा सण होता. त्या विजयानंतर शहरातील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली. आल्बुकेर्कने त्याच वर्षी तिच्या नावाने प्रार्थनामंदिर उभारले आणि १५३४ मध्ये त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. या कॅथीड्रलसाठी लिस्बनचा चित्रकार गार्सीया फेर्नांदिश याने १५४० च्या सुमारास कॅथरिनच्या कथेवर वेदिकापट रंगविला, असे मानतात. म्हणजे यूरोपात हा विषय बहरात असतानाच तो मांडवीच्या काठी पोहोचला होता.

सध्याच्या से कॅथीड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये पुरे झाले. वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. मुख्य वेदीमागील उत्तुंग लाकडी वेदिकापटात कॅथरिनच्या जीवनातील व हौतात्म्यातील प्रसंग कोरलेले असून त्यावर सोन्याचा मुलामा आहे. सुमारे ७६ मी. लांबीच्या या वास्तूत प्रवेशद्वाराजवळून पाहणाऱ्यास हे प्रसंग वाचता येत नाहीत. दिसते ती एक अखंड सुवर्णभिंत. जवळ गेल्यावरच कथा उलगडू लागते. हा क्रम उपासनेच्या दृष्टीने परिणामकारक आहे : आधी वैभव, मग यातना. तथापि त्यामुळे सोन्याच्या झळाळीत प्रसंगातील क्रौर्य मागे पडते आणि क्रानाकने साधलेला ताण येथे उरत नाही.

या कलाकृतीचे खरे महत्त्व तिच्या अंतर्विरोधात आहे. मूळ कथेतील कॅथरिन साम्राज्यसत्तेपुढे न झुकणारी व तिच्याच तलवारीला बळी पडणारी स्त्री आहे. गोव्यात ती एका नव्या साम्राज्याची संरक्षक देवता म्हणून सुवर्णात प्रतिष्ठित झाली. वेदिकापटाच्या कारागिरीची प्रशंसा करताना हा बदल लक्षात न घेतल्यास त्याचे आकलन अपुरे राहते. जुन्या गोव्यातील चर्च-वास्तूंचा १९८६ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. तेथे आजही कोरलेली कथा आणि ती कोरविणाऱ्यांचा इतिहास एकाच चौकटीत परस्परविरोधी साक्ष देत उभे आहेत.