अर्पणपत्रिकेतली मरियम

एडवर्ड सईद यांचे ‘आउट ऑफ प्लेस’ हे आत्मचरित्र १९९९ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे सईद यांचे नाव निघते ते ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) आणि ‘कव्हरिंग इस्लाम’ (१९८१) या ग्रंथांमुळे. नावावरून अनेक जण त्यांना मुस्लिम समजतात. प्रत्यक्षात ते १९३५ साली जेरुसलेममध्ये एका ख्रिस्ती पॅलेस्टिनी कुटुंबात जन्मले, कैरोत वाढले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. या आत्मचरित्राची चर्चा होते ती हरवलेली मायभूमी, दोन भाषांतली ओढाताण आणि करड्या शिस्तीचे वडील यांच्या अंगाने. मीही पहिल्यांदा ते तसेच वाचले होते. येथे लिहायचे आहे ते दुसऱ्या वाचनाविषयी. दोन वाचनांच्या मधल्या काळात माझ्या पत्नीला तोच आजार निघाला, जो सईद यांना होता.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा सहसा सावकाश वाढणारा कर्करोग. यात पुष्कळ रुग्णांना सुरुवातीला औषध दिलेच जात नाही. त्रास नसेल तर ठरावीक काळाने रक्त तपासायचे आणि लक्ष ठेवायचे. कोणाची बरीच वर्षे अशीच जातात, कोणाला लवकर उपचार घ्यावे लागतात. आपला नंबर कोणत्या रांगेत, हे नेमके कोणी सांगू शकत नाही. आमच्या घरी बीमारपुर्सीला आलेल्या खालांनी सरळच विचारले, “कॅन्सर आहे म्हणता आणि औषध नाही म्हणता? डॉक्टर बदला!” त्यांना काय सांगावे ते मला सुचले नाही. मलाही रात्री तेच वाटत होते.

सईद यांना आजार कळला तो प्रसंग पुस्तकात आहे. सप्टेंबर १९९१. माद्रिद परिषद तोंडावर आलेली, पॅलेस्टिनी विचारवंतांच्या बैठकीसाठी ते लंडनला गेलेले. तिथून त्यांनी न्यूयॉर्कला पत्नीला, मरियमना, फोन केला. वार्षिक तपासणीचे रिपोर्ट आले का, त्यांना काळजी कोलेस्टेरॉलची. ते ठीक आहे, असे मरियम म्हणाल्या. मग जरा अडखळत म्हणाल्या की परत आल्यावर आपल्या डॉक्टरांना तुमच्याशी बोलायचे आहे. त्या आवाजात काहीतरी होते. सईद यांनी लगेच डॉक्टरांनाच फोन लावला.

पहिल्या वाचनात या ओळी मी ओलांडून गेलो होतो. दुसऱ्या वेळी पुढे जाता येईना. माझी पत्नी माहेरी, चिपळूणला होती तेव्हा तिचा रिपोर्ट मी लॅबमधून आणला होता आणि फोनवर म्हणालो होतो, “हिमोग्लोबिन चांगलं आहे. आल्यावर डॉक्टरांना एकदा भेटून घेऊ.” ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “तुम्ही काय लपवताय?” सईद यांचे ते पान मी तिला मराठीत सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “आणि बाईंनी फोन ठेवल्यावर काय केलं?”

ते पुस्तकात नाही. पुढे काय येते? निदानानंतर सईद एके दिवशी पत्र लिहायला बसतात, ते आईला; आणि आई तर १९९० मध्येच वारलेली. त्या न पाठवता येणाऱ्या पत्रातून आत्मचरित्राचा विचार उगवतो. मार्च १९९४ मध्ये उपचार सुरू होतात, मे महिन्यात लेखन. आईविषयी सईद यांनी जे लिहिले आहे ते अपूर्व आहे; तिचे प्रेम, तिचे प्रेम काढून घेणे, दोन्ही निर्भयपणे मांडले आहे. परंतु आजाराच्या घडीला हाक जाते ती कबरीकडे, आणि शेजारी बसलेले माणूस निवेदनाच्या बाहेर राहते, हे मला खटकते.

यावर उत्तर तयार आहे, आणि ते खोटे नाही: पुस्तक बालपणाचे आणि विद्यार्थिदशेचे, मरियमशी विवाह १९७० चा, मग त्या येणार कुठून? परंतु सईद स्वतःच ही चौकट पुन्हा पुन्हा मोडतात. केमोथेरपी येते, थकवा येतो, १९९८ च्या उन्हाळ्यातले यातनामय उपचार येतात. शेवटच्या पानांवर निद्रानाश येतो, आणि तो त्यांना हवासा वाटतो. त्या जागरणात घरात आणखी कोणी जागे होते का, याला त्या पानांवर जागा नाही.

जागा आहे ती अर्पणपत्रिकेत. पुस्तक दोघांना अर्पण केले आहे: डॉ. कांती राय आणि मरियम सईद. राय मूळचे जोधपूरचे. या आजाराच्या पायऱ्या ठरवणारी त्यांची पद्धत १९७५ पासून जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि माझ्या पत्नीच्या फाइलवरही ‘राय’ हा शब्द आहे. डॉक्टर आणि पत्नी यांना एका ओळीत बसवणे हा मोठा सन्मान आहे, हे मान्य. पण आपल्या मराठी पुस्तकांतही पत्नी अशीच पहिल्या पानावर भेटते आणि मग भेटत नाही. मी पत्नीला तपासणीला नेतो तर नातेवाईक मला शाबासकी देतात, मोहल्ल्यात नाव निघते. हेच एखादी बाई करते तेव्हा त्याची बातमी होत नाही. सईद यांच्यासारख्या बारकाईने पाहणाऱ्या लेखकाच्या नजरेतूनही ते निसटावे, हे नोंदवायलाच हवे.

मरियम बोलल्या त्या नंतर. सईद बारा वर्षे या आजारासह जगले आणि २५ सप्टेंबर २००३ रोजी गेले. त्यांचे ‘ऑन लेट स्टाइल’ २००६ मध्ये निघाले, त्याला मरियम यांची छोटी प्रस्तावना आहे. मृत्यूच्या आधीच्या शुक्रवारी नाश्त्याच्या वेळी सईद यांनी सांगितलेला बेत त्यांनी त्यात नोंदवला आहे: आज एका पुस्तकाचे ऋणनिर्देश आणि प्रस्तावना, रविवारपर्यंत दुसऱ्याची, पुढच्या आठवड्यापासून हे पुस्तक, डिसेंबरात पूर्ण. दुसरा कोणी असता तर येथे एखादे हळवे वाक्य जोडून मोकळा झाला असता. मरियम बेत तसाच ठेवतात. आजाऱ्यासमोर बसून डिसेंबरच्या गोष्टी ऐकायच्या, मान डोलवायची, चहा ओतायचा, हे ज्यांनी केले आहे त्यांना त्या नाश्त्याच्या टेबलाची दुसरी बाजू दिसेल. स्वतःच्या रात्रींविषयी त्या तिथेही फारसे लिहीत नाहीत. प्रस्तावना नवऱ्याच्या पुस्तकाची, म्हणून असेल.

‘आउट ऑफ प्लेस’ हे थोर आत्मचरित्र आहे, याविषयी माझे मत बदललेले नाही. ज्यांना ते वाचायचे असेल त्यांनी ‘ऑन लेट स्टाइल’ची ती चार पाने सोबत ठेवावीत. शक्य झाल्यास ती आधी वाचावीत.