सोपाऱ्याचा स्तूप आणि पंडित भगवानलाल यांचा निबंध

कामणच्या वायव्येस सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक आहे. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ च्या एप्रिलांत उघडला व सोपारा आणि पडण येथील अवशेषांवरील आपला निबंध त्याच वर्षीं प्रसिद्ध केला. डॉ. भाऊ दाजी यांच्या हाताखालीं तयार झालेल्या या विद्वानाचा निबंध आजहि वाचनीय आहे. इतकेंच नव्हे, तर अनुकरणीय आहे.

दगडी पेटी, तींत तांब्याचा करंडक, त्याच्या आंत एकांत एक ठेविलेले रुपें, पाषाण, स्फटिक व सुवर्ण यांचे करंडक, सोन्याचीं फुलें, भिक्षापात्राचीं शकलें, यज्ञ सातकर्णीचें रौप्य नाणें, आणि मैत्रेय व सप्त बुद्ध अशा आठ मूर्ति. हें सर्व पंडितजींनीं बारकाईनें वर्णिलें आहे. नाणें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें, मूर्ति आठव्या-नवव्या शतकांतील. अर्थात् स्तूप मध्यंतरीं पुन्हां उघडला गेला असला पाहिजे. वस्तु कोणत्या स्थितींत सांपडल्या हें लिहिलेलें नसतें, तर असें अनुमान कोणासच करितां आलें नसतें.

दोष आहे तो निबंधाचा नव्हे, आम्हां मागून आलेल्यांचा. करंडक मुंबईस एशियाटिक सोसायटीच्या स्वाधीन झाला, तें उचितच झालें. परंतु त्याबरोबर आमचें लक्षहि मुंबईस गेलें. त्या टेकाडास लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपें विणणारा तो बुरूड. शूर्पारक या नांवाचा अर्थ लोकांच्या तोंडीं अशा रीतीनें टिकला, असें आम्हांस वाटतें. अशीं नांवें टिपून ठेवण्याचे श्रम कितीकांनीं घेतले?

अशोकाच्या चौदा शिलाशासनांपैकीं आठव्याचा तुकडा सोपाऱ्यास १८८२ त मिळाला. नवव्याचा भुईगांवीं मिळण्यास १९५६ साल उजाडलें. बाकीचे कोणत्या विहिरीच्या थारोळ्यांत किंवा घराच्या जोत्यांत बसले असतील, कोण सांगणार?

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, सोपाऱ्याच्या आळींत असो वा कामणदुर्गाच्या टांक्यांपाशीं असो, जुना दगड दिसल्यास तो आधीं उचलूं नये. जागा, दिशा, शेजारचे दगड व गांवकरी देतात तें नांव आधीं लिहून घ्यावें. पोथीचीं सुटीं पानें क्रम न पाहतां गोळा करणारास आपण दोष देतों. दगडांच्या बाबतींत मात्र तोच अपराध आपण संग्रहाच्या नांवाखालीं करीत आलों आहों.