बॉक्सिंग, ब्रॉल, फिस्टिकफ्स: समानार्थी शब्दांवर किती विश्वास ठेवायचा?



सेट, नेट किंवा पेटची तयारी करताना आपण इंग्रजी समानार्थी शब्द एका ओळीत पाठ करतो. बॉक्सिंग, प्युजिलिझम, प्राइझफाइट, फिस्टिकफ्स, ब्रॉल आणि समोर मराठीत एकच अर्थ, 'ठोशांची मारामारी'. परीक्षेत हे खपून जातं. संशोधनात मात्र महागात पडतं.

आधी फरक बघू. बॉक्सिंग हा नियमांचा खेळ. 1867 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांत हातमोजे आणि 3 मिनिटांच्या फेऱ्या आल्या. प्युजिलिझम हा त्याच खेळासाठीचा जुना, पुस्तकी शब्द. लॅटिनमध्ये 'प्युजिल' म्हणजे मुष्टियोद्धा. प्राइझफाइट म्हणजे बक्षिसाच्या पैशासाठीची लढत. पूर्वी ती उघड्या मुठींनी होई. फिस्टिकफ्स म्हणजे आपली गुद्दागुद्दी, आणि शब्दाचा सूर थोडा गमतीचा. ब्रॉल म्हणजे गोंधळाची हाणामारी. त्यात मूठच वापरली पाहिजे असं नाही.

मराठीतही असंच आहे. आपल्या खानदेशात 'कुस्त्यांची दंगल' म्हटलं की माणसं बघायला निघतात. नुसतं 'दंगल झाली' म्हटलं की दुकानांची शटर खाली येतात.

आता संशोधनाकडे येऊ. 1928 मध्ये अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट हॅरिसन मार्टलँड यांनी डोक्यावर वारंवार ठोसे खाल्लेल्या बॉक्सरांबद्दल 'पंच ड्रंक' हा लेख लिहिला. 1937 मध्ये त्याच आजाराला 'डिमेन्शिया प्युजिलिस्टिका' असं भारदस्त नाव मिळालं. लॅटिनमुळे नाव शास्त्रीय वाटू लागलं, पण दोष तोच राहिला. आजार डोक्यावरच्या माराचा, नाव मात्र बॉक्सरच्या पेशाचं! मग मार खाल्लेली बाकीची माणसं कुठे शोधायची? 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मारहाण सोसलेल्या एका स्त्रीची नोंद आली, तेव्हा शीर्षकात तिला 'पंच-ड्रंक वाइफ' म्हटलं गेलं. ती कधी रिंगमध्ये उतरली नव्हती, तरी ओळख बॉक्सरच्या शब्दानेच झाली. 2005 मध्ये बेनेट ओमालू आणि सहकाऱ्यांनी एका अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूतले बदल मांडले. आज रूढ असलेल्या 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी' या नावात पेशाचा उल्लेखच नाही. माझ्या मते, हा बदल नुसता नावाचा नाही. कोणाला तपासायचं, हेच त्यामुळे बदलतं.

दुसरं उदाहरण 'बॉक्सर्स फ्रॅक्चर'चं. यात करंगळीच्या मागचं, तळहातातलं हाड मोडतं. मूठ नीट मारायला शिकलेल्या बॉक्सरला हे सहसा होत नाही. रागाच्या भरात भिंतीवर ठोसा मारणाऱ्याला होतं. नावावर विसंबून फक्त बॉक्सिंग क्लबमध्ये डेटा गोळा केलात, तर खरे रुग्ण हाती लागणारच नाहीत.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना तीन गोष्टी करा. मुख्य शब्दाची जुनी आणि नवी सगळी नावं लिहून काढा आणि प्रत्येकाने वेगळा शोध घ्या. तो शब्द कोणाला मोजतो आणि कोणाला सोडतो, हे एका वाक्यात लिहा. मराठीत प्रश्नावली करणार असाल, तर गावातली माणसं त्या गोष्टीला काय म्हणतात ते आधी विचारा. 'मुष्टियुद्ध झालं का?' असं विचारलंत तर सगळे 'नाही' म्हणतील. 'कोणी गुद्दे मारले का?' असं विचारून बघा.