राष्ट्रगीतात हैदराबाद कुठे आहे?

गेल्या सप्टेंबरात आपल्या मंडळाची बैठक काचीगुड्याला झाली, तिथे मुक्तिसंग्रामावर बोलणं चाललं होतं. चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी विषय काढला. ते म्हणाले, "हैदराबादकरांनी मार खाल्ला तो 'वंदे मातरम्'साठी. मग १७ सप्टेंबरला 'जन गण मन' कशाला? ते तर पंचम जॉर्जसाठी लिहिलेलं." त्यांच्या शेजारी बसलेल्या कॉलेजातल्या मुलीने दुसराच प्रश्न टाकला, "काका, राष्ट्रगीतात हैदराबाद आहेच कुठे?"

पहिल्या प्रश्नावर बरीच गरमागरमी झाली. दुसऱ्यावर सगळे हसले. मला मात्र घरी जाईपर्यंत दुसराच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटायला लागला, आणि त्याचं उत्तर शोधताना पहिल्याचंही उत्तर मिळतं असं आता माझं मत झालंय. हा लेख त्या दोघांसाठी.

मी साहित्याचा माणूस नाही. तीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग्ज वाचली. आमच्या धंद्यात कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की आधी उजव्या कोपऱ्यात खाली बघायचं: तारीख काय, आवृत्ती कितवी. तारीख न बघता जो काम सुरू करतो तो माल वाया घालवतो. गाण्यालाही हाच नियम लावून बघू.

तारीख आहे २७ डिसेंबर १९११. काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाचा दुसरा दिवस. त्याच्या पंधराच दिवस आधी, १२ डिसेंबरला, दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला होता. बहुतेक सगळे संस्थानिक मुजऱ्याला हजर होते. आपले निजाम मीर उस्मान अली खान गादीवर येऊन जेमतेम चार महिने झाले होते. बडोद्याच्या सयाजीरावांनी बादशहाला नीट मुजरा केला नाही, पाठ दाखवली, म्हणून केवढा गहजब झाला तो याच दरबारातला. राजधानी दिल्लीला नेण्याची आणि बंगालची फाळणी रद्द करण्याची घोषणाही तिथलीच. तेव्हा त्या पंधरवड्यात काँग्रेसच्या मांडवातही बादशहाच्या आभाराचं वातावरण होतं, हे नाकारून उपयोग नाही. त्या दिवशी बादशहाच्या स्वागताचं एक वेगळं हिंदी गीतही तिथे झालं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोन्ही गाण्यांची गल्लत केली आणि रवींद्रनाथांचं गीत बादशहासाठी असल्याची बातमी छापली. आपल्या मोबाईलवर दर ऑगस्टमध्ये फिरणाऱ्या मजकुराचं मूळ हे असं शंभर वर्षांपूर्वीच्या एका चुकीच्या बातमीत आहे.

पण बातमी चूक होती एवढ्यावर थांबू नये, गाणं वाचावं. पूर्ण गीत पाच कडव्यांचं आहे; आपण म्हणतो ते फक्त पहिलं. जानेवारी १९१२ मध्ये 'तत्त्वबोधिनी पत्रिके'त ते छापलं गेलं तेव्हा त्याचं शीर्षक होतं 'भारत-विधाता'. ब्राह्मो समाजाच्या पत्रिकेतलं ते उपासनेचं गीत. तिसऱ्या कडव्यात हा विधाता युगानुयुगं यात्रेकरूंचा रथ हाकणारा सारथी आहे. चौथ्यात देश काळोख्या रात्री तापाने फणफणलेला, बेशुद्ध पडलाय आणि विधाता आईसारखा त्याला मांडीवर घेऊन जागतोय. आता लंडनहून आलेल्या बादशहाला कोणता भाट 'आई' म्हणेल? खुद्द रवींद्रनाथांनी नोव्हेंबर १९३७ मध्ये एका पत्रात या आरोपाचा स्पष्ट इन्कार केला होता. पण पत्र नसतं तरी चौथं कडवं पुरेसं होतं.

अर्थात शंकेला जागाच नव्हती असंही मी म्हणणार नाही. 'अधिनायक' हा शब्द आहे, शेवटच्या कडव्यात तर 'राजेश्वर' आहे. दरबाराच्या पंधरा दिवसांनंतर असे शब्द कानावर पडले तर लोक बादशहाकडेच बघणार. भक्तिगीताची ही जुनी अडचण आहे. आपल्याकडेही विठ्ठल 'पंढरीचा राणा' असतो. ज्याला सिंहासन म्हटलं की फक्त दिल्लीचंच दिसतं, त्याला अभंगही दरबारी वाटेल.

आता त्या मुलीचा प्रश्न. पहिल्या कडव्यात प्रदेशांची सात नावं आहेत. तो भारताचा नकाशा आहे असं आपण शाळेत शिकलो. मग १९११ चा सरकारी नकाशा शेजारी ठेवून ही नावं तपासा. सिंध तेव्हा वेगळा प्रांत नव्हता, मुंबई इलाख्यात होता, १९३६ पर्यंत. गुजरात नावाचा प्रांत नव्हता. उत्कलही नव्हता. द्राविड नावाचा प्रांत तर कधीच नव्हता. बंगाल फाळणीने दुभंगलेला होता, पण गीतात तो अखंड आहे. सरकारी नकाशाशी त्यातल्या त्यात जुळतो तो एकटा पंजाब. संस्थान तर एकही नाही. हैदराबाद नाही, म्हैसूर नाही, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदं, काही नाही.

म्हणजे हा नकाशा सरकारी नाहीच. तो माणसांचा आहे. आणि आपल्यासारख्यांसाठी त्यातला सगळ्यात बोलका शब्द 'मराठा'. कवीला जमिनीचा तुकडाच सांगायचा असता तर 'महाराष्ट्र' हा शब्द होताच. त्याने लोकांचं नाव घेतलं. लोक तर सरहद्दीत मावत नाहीत. सुलतान बाजारातला, तंजावरचा, बेळगावचा, लष्कर-ग्वाल्हेरचा मराठी माणूस त्या एका शब्दात आपसूक आला. महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा एकोणपन्नास वर्षं बाकी होती. १ मे १९६० ला जे राज्याबाहेर राहिले, त्यांना राष्ट्रगीताने बाहेर ठेवलं नाही. तर पोरी, राष्ट्रगीतात हैदराबाद नाही, पण हैदराबादची तू आहेस. तुझे मराठी शेजारी आहेत, आणि 'द्राविड'मध्ये तेलुगू शेजारीही.

२००५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अर्ज आला होता की सिंध आता भारतात नाही, तर तो शब्द काढा. न्यायालयाने नकार दिला. राष्ट्रगीत म्हणजे देशाच्या हद्दींची नोंद नव्हे, असा त्याचा आशय. मला त्यात कवितेची उत्तम समज दिसते. फाळणीनंतर उल्हासनगरला येऊन राहिलेला सिंधी माणूस त्या शब्दात आहेच की.

कौतुक केलं, आता उणीवही सांगतो. हा माणसांचा नकाशा उत्तरेला झुकलेला आहे. पर्वत दोन: हिमालय आणि विंध्य. नद्या दोन: गंगा आणि यमुना. विंध्याच्या खाली आलात की ना डोंगर ना नदी. गोदावरी नाही, कृष्णा नाही, कावेरी नाही, आपल्या मुसीचं तर सोडाच. ईशान्येकडच्या लोकांची नावं नाहीत. कलकत्त्याहून बघणाऱ्या कवीला जे ठळक दिसलं ते आलं. सात नावं ही 'वगैरे' धरून वाचायची यादी आहे. ती कायद्याच्या कलमासारखी वाचणारे दोन्ही बाजूंनी फसतात: काढा म्हणणारेही आणि घाला म्हणणारेही.

आता आपल्या ज्येष्ठ सभासदांकडे येतो. हैदराबादकरांनी 'वंदे मातरम्'साठी सोसलं, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात विद्यार्थी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणत. त्यावर बंदी आली. मुलांनी ऐकलं नाही. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातही संप झाला. मुलांना काढून टाकलं गेलं आणि त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने दार उघडलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. तुरुंगात प्रत्येक फटक्याला 'वंदे मातरम्' म्हणणारे रामचंद्र राव तर आयुष्यभर 'वंदेमातरम् रामचंद्र राव' म्हणूनच ओळखले गेले.

आमच्या घरातही त्या वर्षाचं एक माणूस होतं. आजोबांचे धाकटे भाऊ उस्मानिया सोडून नागपूरला गेलेले. आम्ही त्यांच्याकडून शौर्याची गोष्ट ऐकायला बसायचो आणि ते सांगायचे गणिताची. उस्मानियात सगळं शिक्षण उर्दूतून. त्रिकोण म्हणजे 'मुसल्लस', कोन म्हणजे 'ज़ाविया'. नागपूरला सगळं इंग्रजीतून पुन्हा पहिल्यापासून. "गाणं एका मिनिटाचं, पण त्यापायी अख्खी भूमिती परत शिकलो," असं म्हणायचे. म्हातारपणीसुद्धा हिशेब पुटपुटायचे ते उर्दूतच. आणि २६ जानेवारीला रेडिओवर 'जन गण मन' लागलं की काठी टेकून उभे राहायचे. मी एकदा विचारलं, "तुमचं गाणं तर दुसरं होतं ना?" ते म्हणाले, "ते म्हणता यावं म्हणूनच हे आलं."

हे एका घरातलं वाक्य झालं. पण इतिहासही दोन गाण्यांची अशी कुस्ती दाखवत नाही. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये 'वंदे मातरम्' गायलं ते रवींद्रनाथांनीच. आणि 'जन गण मन'च्या इतिहासात हैदराबादचा माणूस अगदी मध्यभागी उभा आहे: आबिद हसन. (आबिड्सशी त्यांचा संबंध नाही; ते नाव आल्बर्ट आबिदच्या दुकानावरून पडलं.) हा हैदराबादी तरुण जर्मनीला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि अभ्यास सोडून सुभाषबाबूंबरोबर निघाला, फेब्रुवारी १९४३ च्या त्या पाणबुडीच्या प्रवासात नेताजींबरोबर तोच होता. ११ सप्टेंबर १९४२ ला हॅम्बुर्गमध्ये सुभाषबाबूंच्या समारंभात वाद्यवृंदाने 'जन गण मन' वाजवलं. पुढे आझाद हिंद सरकारसाठी त्याचं हिंदुस्थानी रूप झालं, 'शुभ सुख चैन', आणि ते रचणाऱ्यांत आबिद हसन होते. त्यातही 'मराठा' शब्द आहे. म्हणजे एका हैदराबादकराला एका गाण्यापायी शहर सोडावं लागलं आणि दुसऱ्या हैदराबादकराने परदेशात दुसऱ्या गाण्याला सैनिकांच्या तोंडची भाषा दिली. यांतलं एक आपलं आणि एक परकं कसं म्हणायचं?

निवड कशी झाली तेही नीट बघायला हवं. २५ ऑगस्ट १९४८ ला नेहरूंनी संविधान सभेत निवेदन केलं. त्यातला मुख्य मुद्दा शब्दांचा नव्हता, चालीचा होता. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात आपलं राष्ट्रगीत मागितलं गेलं. 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका हाताशी होती, वाद्यवृंदाने ते वाजवलं आणि ऐकणाऱ्यांना आवडलं. प्रांतांच्या राज्यपालांना विचारलं; एक सोडून सगळ्यांनी होकार दिला. तो एक मध्य प्रांताचा, ज्याची राजधानी होती नागपूर. आपल्या मुलांना आसरा देणारं नागपूर! मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी झिंझोटी रागात 'वंदे मातरम्'ची चाल बांधून, ते बँडवर वाजू शकतं हे दाखवायला जिवाचं रान केलं. त्यांची बाजू हरली, पण ती वेडगळ नव्हती. माझ्यातला इंजिनिअर मात्र मान्य करतो की ५२ सेकंदांत, हजार माणसांना एका दमात, परक्या बँडलाही नुसत्या स्वरलिपीवरून जमेल असं गीत लागतं, आणि 'जन गण मन' त्या कसोटीला उतरतं. २४ जानेवारी १९५० ला राजेंद्रप्रसादांनी 'जन गण मन' राष्ट्रगीत आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान, असं जाहीर केलं. मला तो निवाडा योग्य वाटतो.

एक तारीख राहिली. नेहरूंचं ते निवेदन झालं तेव्हा हैदराबाद भारतात नव्हतं. आणखी तेवीस दिवसांनी, १७ सप्टेंबरला आलं. तोवर इथे निजामाचं सलामी गीत होतं, आणि ते मालकाचं होतं. 'जन गण मन'मध्ये कोणी मालक नाही. विधाता आहे आणि लोक आहेत. काकाआजोबा काठी टेकून उभे राहायचे ते त्यासाठी, असं मी आता समजतो.

आणि १९३८ चा धडा उलट्या दिशेनेही लागू पडतो. इथे गाणं म्हटलं म्हणून मुलांना काढलं. १९८५ मध्ये केरळात तीन मुलांना धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढलं, जरी ती आदराने उभी राहत होती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. ज्या गावाने गाण्यापायी मुलं बाहेर पडताना बघितली, त्या गावाला तरी हा निकाल पटायला हवा.

येत्या १७ सप्टेंबरला मंडळात दोन्ही गीतं होतील, असं मी सुचवतो. ज्येष्ठ सभासदांनी 'वंदे मातरम्' सुरू करावं आणि त्या मुलीने 'जन गण मन'. चहा माझ्याकडे.